जित्या माणसाचा सांगावा

आमच्याकडे सकाळी कोंबडा आरवत नसे, ट्रेडल मशीन सुरू होई. जळगावात डाळमिलांच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. घर म्हणजे पुढे छापखाना आणि मागे उरलेल्या जागेत आम्ही. मधे पडदा, तोही मायच्या जुन्या लुगड्याचा. पडद्याच्या अलीकडे भाकरी थापल्याचा आवाज आणि पलीकडे मशीनचा. दोन्ही एका लयीत यायला लागले की हुसेनचाचा मोठ्याने म्हणायचे, "भाभी, आज अपनी दोनों की मशीन बराबर चल रही है." चाचा आमचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून वेचून मजकूर उभा करणारे. माय आतून नुसतं "हूं" करायची. वाऱ्याची दिशा बदलली की मिलमधला तुरीचा कोंडा उडत यायचा, वाळत घातलेले कपडे पिवळट करून जायचा, आणि त्याच्यात रॉकेल आणि शाईचा वास मिसळायचा. आज धुळ्यात माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात चिमणी लावलेली आहे, फोडणीचासुद्धा वास बाहेर येत नाही. मला त्या घरात मधूनमधून गुदमरल्यासारखं होतं. सून म्हणते, "आई, तुम्हाला धूर नसला की करमत नाही." खरंच आहे ते.

या प्रकरणात मी माझ्या बापाबद्दल बढाई मारणार आहे. ज्याला ती सोसवत नसेल त्याने ही पानं उलटून पुढे जावं. नानांबद्दल मोजूनमापून बोलणारे पुष्कळ भेटले, सत्काराच्या व्यासपीठावर तर जास्तच. 'दीनदुबळ्यांचे कैवारी', 'शिक्षणप्रेमी', 'प्रकाशनमहर्षी'. महर्षी म्हटलं की नाना व्यासपीठावरच दाढी चाचपायचे, जी त्यांना नव्हतीच. पुढे त्यांच्या मासिकाने नाव काढलं, मुलांच्या फिया भरल्या, आमदार-मंत्री त्यांना शेजारी बसवून फोटो काढून घ्यायला लागले. नरडाण्याच्या स्टेशनवर उतरा नाहीतर एरंडोलच्या बाजारात उभे राहा, कोणीतरी येऊन म्हणणारच, "ताई, मी तुमच्या नानांच्या मुखपृष्ठावर आलो होतो." हे सगळं लोकांना ठाऊक आहे. पण ते मासिक पहिल्याच अंकाला बंद पडणार होतं, आणि कशाने, हे घरच्यांशिवाय कोणाला फारसं ठाऊक नाही. त्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे एरंडोलजवळच्या एका गावच्या महारवाड्यातले. नाना तिथून पोरवयात जळगावला आले, दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे धुतले, झाडलोट केली, आणि झाडता झाडता अक्षरं शिकले, तीही उलटी, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. सुलटं वाचायला नंतर शिकले. स्वतःचा छापखाना झाला तसं त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे गावाकडची शिकणारी पोरं घरात आणून ठेवली. कोणाला विचारलं नाही, मायला तर नाहीच. "कागदांमधे झोपतीन," म्हणाले. पोरं खरोखरच कागदाच्या रिमांवर झोपायची. मिलमधून डाळीची चुरी स्वस्तात मिळायची, तिचे फुनके माय वाफवायची, वर कढी. कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तर रोजचा. थंडीत वांगी आली की मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरीत व्हायचं, आणि त्या दिवशी पोरं जेवायला बसली की माय तवा खाली उतरवायचीच नाही. नानांच्या दानशूरपणाबद्दल भाषणं करणाऱ्यांनी एकदा तरी मायचे चटके बसलेले हात पाहायला हवे होते.

त्या पोरांमधे एक पोरगी होती, यमुना. आमच्या गावच्या भिका आबांची लेक. मी तिला यमुनाक्का म्हणायची. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, काळीभोर, आणि हसली की सगळ्या गल्लीला कळायचं. नर्सिंग शिकत होती. तिची इंग्रजी पुस्तकं एवढी जाडजूड असायची की माय त्यांच्यावर पाट ठेवून कणीक मळायची.

एक दिवस रद्दीवाल्याने दाण्याच्या पुड्या बांधायला म्हणून आणलेला एक गठ्ठा नानांनी विकत घेतला. नानांना जगातला कुठलाही छापील कागद दिसला की त्याला भिंग लावून बघायची सवय होती, शाई कशी बसली आहे ते पाहायला. जित्याची खोड, दुसरं काय. त्या गठ्ठ्यात अमेरिकेतल्या एका मासिकाचे जुने अंक निघाले. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो, आणि फोटोतली सगळी माणसं काळी. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला डॉक्टर काळा. टोपी घालून गाडीला टेकून उभी बाई काळी. जेवायच्या टेबलाभोवतीचं अख्खं कुटुंब काळं, अंगात इस्त्रीचे कपडे, आणि कोणी कोणापुढे मान खाली घातलेली नाही. नानांनी भिंग डोळ्याला लावलं ते काढेचनात. कपाळावरचा उजेड, गालाचा गोलवा, डोळ्यांतली चमक, सगळं स्पष्ट आलं होतं. आमच्याकडे आमच्या लोकांचा फोटो छापला तर टोपी आणि दात तेवढे दिसायचे, मधे नुसता शाईचा गोळा.

"हाई कोनी छापं?" नानांनी विचारलं. यमुनाक्का डिक्शनरी घेऊन बसली. तिने अडखळत अडखळत सांगितलं की हे मासिक काढणारा माणूसही काळाच आहे, गरिबीतून वर आला, आपल्या लोकांचे चांगले फोटो कोणी छापत नाही म्हणून त्याने स्वतः छापायला घेतले, आणि आता तो पोरापोरींच्या शाळेचा खर्च करतो. नाना म्हणाले, "म्हंजे आपलाच भाऊबंद शे तो." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या अनोळखी माणसाचा उल्लेख 'आपला अमेरिकावाला' असा व्हायला लागला. नाना उठता बसता त्याचं नाव काढायचे. माय वैतागून म्हणायची, "तुमना अमेरिकावालाले सांगा, तेवढं दळन दळी लई ये." मला मात्र तो माणूस गल्लीच्या टोकाला कुठेतरी राहतो असंच वाटायचं. नानांची नाती अशीच जुळायची. त्यांना माणूस भेटावा लागत नसे, त्याचं काम पाहिलं की पुरे.

मग नानांनी ठरवलं की आपणही मासिक काढायचं. नाव ठेवलं 'तोंडओळख'. मुखपृष्ठावर दर वेळी आपल्या लोकांतला असा माणूस, ज्याने घरात पहिल्यांदा काहीतरी केलं. पहिला मास्तर, पहिली कंडक्टर, पहिला वायरमन. पुढारी नाही, देव नाही. "आपला माणूस जनमभर दुसरासना फोटोले हार घालस," ते म्हणायचे, "एकदाव त्याना सोताना चेहरा त्याले छापेल दिसना पाह्यजे." आणि नेमकी त्याच सुमारास यमुनाक्का पास झाली, धुळ्याच्या दवाखान्यात तिला नोकरीही लागली. आमच्या अख्ख्या गावात, पाटीलवाड्यापासून महारवाड्यापर्यंत, नर्स झालेली ती पहिली. मुखपृष्ठ कोणाचं, हा प्रश्नच उरला नाही.

फोटो काढायला आम्ही सगळे स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने सवयीप्रमाणे पावडरचा डबा उघडला. नानांनी त्याचा हात धरला. "पावडर लावू नको भाऊ. जसा शे तसाच येऊ दे." तो म्हणाला, "नाना, काळं येईल." नाना म्हणाले, "काळी शे, तं काळीच ई ना. तू फक्त दिवा नीट लाव." दिवा इकडे, दिवा तिकडे, असं बराच वेळ चाललं. यमुनाक्काने पांढरा पोशाख घातला होता, डोक्यावर नर्सची टोपी. वस्तीतल्या लोकांनी सत्कारात घातलेला झेंडूचा हार तिने बरोबर आणला होता, तो नानांनी हौसेने तिच्या गळ्यात घातला. फोटो इतका सुंदर आला की हुसेनचाचांनी छपाईसाठी केलेला त्याचा ब्लॉक हातात घेऊन नुसतं "माशाअल्लाह" म्हटलं आणि चष्मा पुसला.

आता चौकट हवी. नुसता फोटो उघडाबोडका दिसत होता. आमच्या छापखान्यात नक्षीची अंडाकृती चौकट एकच होती, चारी बाजूंनी वेलबुट्टी असलेली. ती नानांना फार आवडायची. ती लावली, काळ्या शाईत छापली, कारण दुसऱ्या रंगाची ऐपत नव्हती. खाली मोठ्या टायपात 'यमुना' आणि गावाचं नाव. बाकी मजकूर आत. पहिली प्रत ओली असतानाच नाना ती घेऊन गल्लीत गेले आणि भेटेल त्याला दाखवत सुटले. मी एवढी वर्षं जगले, पण माणूस आनंदाने चालतो कसा हे विचारलं तर मला अजूनही त्यांची ती चाल आठवते.

ती चौकट आम्ही कशासाठी वापरायचो, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे खान्देशात माणूस गेल्यावर गंधमुक्तीची पत्रिका छापतात. मधे गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो, भोवती अंडाकृती चौकट, सगळं काळ्या शाईत. जळगावातल्या निम्म्या गंधमुक्त्या आमच्या छापखान्यात छापल्या जायच्या, आणि त्या प्रत्येकीवर हीच चौकट असायची. मिठाईवाल्याला स्वतःच्या दुकानातला वास येत नाही, तसं आम्हाला ती चौकट आणि मयत यांचं नातं दिसेनासं झालं होतं. लोकांना मात्र ते पक्कं दिसत होतं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तोही ती चौकट लांबून ओळखायचा. आणि अशी पत्रिका घरात ठेवत नाहीत. नाव-गाव वाचायचं, हळहळायचं आणि फाडून टाकायची, ही रीत.

अंकांचे गठ्ठे एस. टी.च्या ओळखीच्या कंडक्टरांबरोबर गावोगावी गेले. आम्ही वाट पाहायला लागलो. नाना पोस्टमनला दारातच गाठायचे. यमुनाक्का धुळ्याला हजर व्हायच्या आधी चार दिवस आमच्याकडेच होती. त्या दुपारी ती न्हायली होती आणि केस मोकळे सोडून दारात बसली होती, मी तिच्या केसांतला गुंता काढत होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. बायकांचा, मोठ्याने, छाती बडवून. पाहते तो पुढे भिका आबा, डोक्याला पांढरं फडकं, मागे त्यांचा भाऊ आणि आमच्या गावची दहा-बारा माणसं. बायकांनी पदर तोंडावर ओढलेले. मयताच्या दारावर येतात तसे ते आमच्या दारावर येत होते.

यमुनाक्का उठून उभी राहिली. तिला वाटलं गावात कोणीतरी गेलं. "आबा! कोन गय? मन्ही माय?" असं ओरडून तिने स्वतःच हंबरडा फोडला. इकडे ती आईसाठी रडते आहे, तिकडे ते तिच्यासाठी रडताहेत, आणि मधे मी कंगवा हातात घेऊन उभी. पहिल्यांदा बायकांचं रडणं थांबलं. पदर बाजूला झाले. एका म्हातारीने "वं माय!" म्हणून दोन पावलं मागे घेतली. भिका आबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी हात पुढे करून तिच्या ओल्या केसांना हात लावला, मग स्वतःचा हात पाहिला. तो ओला झाला होता. तेव्हा ते खाली बसले.

मग त्यांनी झालं ते सांगितलं. गावातल्या किराणा दुकानदाराकडे अंकांचा गठ्ठा आला. त्याने चौकट पाहिली, हार पाहिला, नाव आणि गाव वाचलं. पुढचं कोण वाचतो? गंधमुक्तीची पत्रिका कोणी चवीने वाचत नाही. त्याने ती रीतीप्रमाणे फाडली आणि आबांकडे निरोप धाडला. "बेटा," आबा यमुनाक्काला म्हणाले, "मी जनमभर दुसरासना मयतना सांगावा लई फिरनू. आनि मन्हा घरना सांगावा माले किराणा दुकानवर भेटना."

हे वाक्य आज वाचणाऱ्याला नुसतं दुःखाचं वाटेल, म्हणून सांगते. गावात कोणी मेलं की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा पोचवायचं काम आमच्या लोकांकडे असायचं. उन्हातान्हात, कोसच्या कोस, अनवाणी. ओट्याखाली उभं राहून सांगायचं, शिळी भाकर वरून पदरात पडायची, आणि पुढच्या गावाला निघायचं. आमच्या लोकांनी जुनी कामं सोडली तेव्हा ते काम सोडणारे आमच्या गावात भिका आबा पहिले. गावाने त्याबद्दल त्यांना बराच त्रास दिला, पण ते बधले नाहीत. पुन्हा कोणाच्या ओट्याखाली उभा राहणार नाही, असं ते म्हणायचे.

मायने चुलीवर पातेलं चढवलं, सगळ्यांना पाणी दिलं. पण आबांच्या भावाचा राग आता उफाळून आला होता. "नाना, हाई बंद कर," तो म्हणाला. "जित्ता माणूसले कागदवर मारस का? तिन्ही माय काल्दिन जशी बठनी तशीच बठेल शे. पानी पेयेल नही." थोड्या वेळाने ओळखीचा एक कंडक्टर सायकल टेकवून आत आला आणि त्याने आणखी सांगितलं की दुसऱ्या गावांतही तेच झालं आहे, लोक अंक घेतात, हळहळतात आणि फाडतात. नाना हे ऐकताना एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होते. ज्या चेहऱ्याला पावडर लावू दिली नाही, तो चेहरा त्यांच्याच लोकांनी, अगदी आदराने, टराटरा फाडला होता. मी माझ्या बापाला इतकं खचलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. ते उठले, दुसऱ्या अंकाचा जुळवून ठेवलेला मजकूर छापखान्यातल्या दगडी पाटावर होता त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "चाचा, खिळे सोडवा. नही काढना आपलेले मासिक."

हुसेनचाचांनी हात लावला नाही. ते म्हणाले, "नानाभाऊ, आज मेरी नजर ठीक नहीं है." त्यांची नजर चांगली होती.

तेवढ्यात भिका आबा जेवून हात धुऊन आले. गावोगावी धाडायचे राहिलेले अंक कोपऱ्यात होते, तिथे उकिडवे बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एक अंक उचलून पहिल्यांदाच नीट पाहिला. लेकीचा चेहरा हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग त्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "कितली झकास दिसस वं," असं ते अगदी हळू म्हणाले. मग नानांकडे वळून, "नानाभाऊ, सांगावा चुकी गया. आते खरा सांगावा धाडना पडी. हाऊ गठ्ठा माले दे." यमुनाक्का म्हणाली, "आबा, मी जास ना, माले देखतीन त्या." "तू संगे चाल," आबा म्हणाले. "पन सांगावा कसा फिरस, ते माले ठाऊक शे. त्या बठ्ठा दार मन्हा पायले ठाऊक शेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एरंडोलची एस. टी. धरली. आबा, यमुनाक्का, नाना आणि मी. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, मी गेलेच. यमुनाक्काने पांढरा पोशाख घातला होता, टोपीसकट. नाना सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. ते फक्त आईची माफी मागायला येत होते, मासिक त्यांच्या लेखी संपलं होतं. एरंडोलहून पुढे पायी. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, आणि वेचणाऱ्या बायका कमरेवर हात देऊन आमच्याकडे बघत राहिल्या. आबा डोक्यावर गठ्ठा घेऊन सगळ्यांच्या पुढे. पायात नव्या करकरीत वहाणा होत्या, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गावाकडे परतलेल्या माणसांनी यमुनाक्काच्या आईला निरोप आदल्या दिवशीच पोचवला होता, पण तिने विश्वास ठेवला नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती. यमुनाक्का तिच्यापुढे जाऊन बसली. आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, नाकाशी हात धरून श्वास पाहिला आणि मग फाडकन एक थोबाडीत दिली. "जित्ती शे तं दोन दिवस कोठे व्हती?" नंतर तिला पोटाशी धरून जी रडली, ते रडणं सगळ्या वाड्याने ऐकलं. नाना दारातच हात जोडून उभे होते. त्यांनी माफीचा शब्द उच्चारायच्या आत ती म्हणाली, "नाना, तो फोटू माले दे. फाडेल नही, आखा दे." तिने तो भिंतीला भाकरीच्या पिठाची खळ लावून चिकटवला. गंधमुक्तीची चौकट तिने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने लावली, आणि शेजारणींना बोलावून दाखवली.

मग आबा उठले. "चाला," म्हणाले आणि गावात शिरले. पहिलं दार पाटलाचं, कारण सांगाव्याची सुरुवात तिथून व्हायची. म्हातारे पाटील ओट्यावर तंबाखू चोळत बसले होते. आबा ओट्याखाली, जुन्याच जागी जाऊन उभे राहिले. किती वर्षांनी ते तिथे उभे होते. पाटलांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "काय रे भिका, कोन मरी गय?"

"कोनी मरेल नही," आबा म्हणाले. आवाज इतका मोठा होता की पलीकडच्या गल्लीतून माणसं बाहेर आली. "मन्ही आंडेर नर्स व्हयनी. तो सांगावा लई उनू. हाई देखा तिना फोटू, आनि हाई देखा ती." यमुनाक्का पुढे झाली. ती भीतीने घट्ट ओठ मिटून उभी होती, पण मान तिने खाली घातली नाही. पाटलांनी अंक घेतला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आतून पाटलीणबाई सवयीने भाकर घेऊन आल्या. आबांनी मान हलवली. "भाकर नको, बाई. हाऊ मयतना सांगावा नही. अंकनी किंमत द्या."

पाटलांनी कोपरीच्या खिशातून नाणं काढलं आणि नेहमीच्या रीतीने ओट्याच्या कडेवर ठेवलं, आमच्या माणसाने उचलून घ्यावं म्हणून. आबांनी ते उचललं नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच ठेवला. लोक बघत होते, पाटील बघत होते, आबांचा हात मागे जात नव्हता. शेवटी पाटलांनी खाकरून नाणं उचललं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं, बोटं लागली तरी ठेवलं.

आबांनी मूठ मिटली, गठ्ठा पुन्हा डोक्यावर घेतला आणि पुढच्या दाराकडे चालू लागले. नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेबी, आते दुसरा अंकवर कोना फोटू लेवाना?"